दोघांचं दुखणं

दार उघडं असलं तरी गुरुनाथ बाहेर थांबायचे. चपला काढायचे, कडीवर बोटानं टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ का?" स्वतःच्याच घरात. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी परका माणूस आलाय. मी घाईघाईनं पदर सावरत बाहेर आले, तर हेच उभे. खाकी कपडे, हातात रिकामा डबा. मला हसू आवरेना. तर म्हणाले, "हसतेस काय? गाडीत चडनारा मानूस पन आदी इचारतो, कुठं जाते म्हनून. मी तं घरात शिरतोय."

ते एसटीचे ड्रायव्हर होते. भिवंडीहून वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे जाणारी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. जन्म खारबावचा. भिवंडी शहरात राहायला आलो, मुलगी इंग्रजी शाळेत गेली, तरी गावची बोली त्यांच्या तोंडातून गेली नाही. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळभर पोरांच्या जिभेवर 'ण' आणि 'ळ' बसवायचे आणि घरी आले की हे 'पानी' दे म्हणायचे. मी सुधारलं की म्हणायचे, "तुज्या न्हाणीत आनि माज्या न्हानीत पानी येकच येतं ना?"

मी त्यांना नावानं कधीच हाक मारली नाही. 'अहो' हेच त्यांचं नाव. आज लिहायला बसले तर 'गुरुनाथ' लिहिताना हात अडखळतोय. पण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना 'हे' म्हणजे कोण ते कसं कळणार? म्हणून नाव लिहिते. आणि जे लिहिणार आहे ते आमच्याकडे कुणी लिहीत नाही, बोलतही नाही. पण ते सोडून यांच्याविषयी लिहिलं, तर कुठल्याही भल्या माणसाविषयी लिहिल्यासारखं होईल. हे कसे होते ते मला त्या दुखण्यातच कळलं.

त्यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. माझी शाळा सकाळची, आमच्या मुलीची, तन्वीची, दुपारची. त्यामुळे मंगळवारची दुपार आमची होती. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमची दोन खोल्यांची जागा, आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, कारखाना. दिवसभर खटखट, खटखट. नवीन होते तेव्हा माझं डोकं उठायचं. हे म्हणाले, "असू दे. आपल्याला काय बोलायचं ते बोलता येतं, शेजारी आइकू जात न्हाय." एकदा अशाच एका मंगळवारी मधेच लाईट गेली. सगळे लूम एका दमात बंद. एवढी शांतता झाली की आम्ही होतो तसेच श्वास रोखून पडून राहिलो, आणि मग दोघांनाही असं हसू फुटलं की उशीत तोंड खुपसावं लागलं. तोवर कारखान्यातला कुणीतरी ओरडला, "अरे, जनरेटर चालू करो!" हे हळूच म्हणाले, "हां भाई, जल्दी करो."

तन्वी तिसरीत असताना मला दाढेचं दुखणं झालं. गालाला सूज आली, म्हणून बरेच दिवस जड गोळ्या घेतल्या. दाढ बरी झाली आणि खाली खाज सुरू झाली. अंगावरून पांढरं जाणं बायकांना नवीन नसतं. पण हे वेगळं होतं, फुटलेल्या दुधासारखं. लघवीला बसलं की आग. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी दात आवळून उभी राहायची. शाळेतल्या बाईंना सांगायची सोय नव्हती, मेडिकलमध्ये सगळे पुरुष. शेवटी एका दुकानात गर्दी नाही असं बघून "खाजेला काहीतरी द्या" म्हटलं. कुठे खाज ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानं एक ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत थंड वाटायचं. आठवडा बरा जायचा, की पुन्हा तेच, पहिल्यापेक्षा जास्त. मग मी जंतू मारायचं औषध पाण्यात घालून धुवायला लागले. जितकी आग व्हायची तितकं वाटायचं, आता स्वच्छ होतंय.

मंगळवार यायचा तसा जीव घाबरा व्हायचा. पहिल्यांदा मी सहन केलं. ओठ चावून पडून राहिले. त्यांनी विचारलं, "दुखतं का?" मी म्हणाले, "नाही." ते थांबले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाले. त्यानंतर मी मंगळवारी कामं काढायला लागले. गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, मैत्रिणीकडे जायचं. ते कधी रागावले नाहीत. गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे. त्यांचं ते गप्प बसणं मला रागावण्यापेक्षा जड जायचं. आणि डोक्यात दुसराच किडा शिरला होता. खालच्या मजल्यावरची एक बाई एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "ड्रायव्हर माणूस, वस्तीची गाडी घेऊन बाहेर झोपतो. बायकांना असली दुखणी उगाच नाही होत."

सासूबाई खारबावहून आल्या की माझ्या चेहऱ्यावरून ओळखायच्या. मी त्यांना अर्धं सांगितलं. त्यांनी निदान केलं, "उष्नता हाय अंगात." वांगी बंद, सुकट बंद, सकाळी सब्जाचं पाणी. त्यानंही काही होईना तेव्हा म्हणाल्या, "गनेसपुरीला जाऊ, कुंडात बस. बायांचं कसलंबी अंग त्या पान्यानं बरं होतं." रविवार होता, यांचीच गाडी होती. यांना वाटलं, आम्ही सासू-सून देवाला चाललोय. जाताना कंडक्टरला म्हणाले, "आज माजं सगलं सरकार गाडीत हाय."

कुंडाच्या गरम पाण्यात मी बसले. खाजवून सोललेली कातडी आणि ते पाणी. मी किंचाळले नाही एवढंच. सासूबाई काठावरून "बस, अजून बस" म्हणत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी येतंय ते वाफेत त्यांना दिसत नव्हतं. परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीशी बसून झोपल्या. मला बसवेना. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "वहिनी, बसा ना." मी "पाय मोकळे करते" म्हणून दांडी धरून उभी. वज्रेश्वरी गेलं, भाताची खाचरं गेली, गोदामं सुरू झाली, रस्त्याचे खड्डे सुरू झाले, मी उभीच. एकदा मान वर केली तर समोरच्या आरशात यांचे डोळे. रस्ता बघायचे आणि पुन्हा आरशात बघायचे. त्या दिवशी गाडी त्यांनी एवढी हळू आणली की मागून प्रवासी ओरडले, "ड्रायव्हर, बैलगाडी हाय का?"

त्यानंतरच्या मंगळवारी मी गोधडी भिजवायला घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून ठेवली. पलंगावर बसले, मला समोर बसवलं. मग म्हणाले, "माजं काय चुकलं का, सुरेखा? तू माज्यापासून लांब जातेस, ते मना कलतंय. पन परवा गाडीत बसली पन न्हाईस. रिकाम्या गाडीत उभी होतीस. काय जालंय?"

मला सांगायचं होतं एक आणि तोंडातून निघालं दुसरं. "तुम्ही बाहेर कुठे जाता का? वस्तीला गेल्यावर?"

पलीकडे लूम चालू होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. वाटलं, आता उठून जातील, किंवा हात उचलतील. आमच्या वस्तीत एवढ्या प्रश्नावर हात उचललेले मी पाहिलेत. ते बसून राहिले. मग म्हणाले, "न्हाय." पुन्हा म्हणाले, "तुला खरं वाटलं न्हाय तरी न्हाय. खड्डा कोनी पाडला ते मागून बघू. आदी चाक भाईर काडू. तू सांग काय होतंय."

मी सांगितलं. सगळं. पांढरं जाणं, खाज, आग, ट्यूब, धुणं, कुंड. लग्नाला इतकी वर्षं होऊन, एक मूल होऊन, मी त्यांच्यासमोर हे शब्द कधी उच्चारले नव्हते. ते मान खाली घालून ऐकत होते. मी संपवल्यावर त्यांचे कान लाल झाले होते. म्हणाले, "मना पन हाय."

"काय?"

"खाज. लाल जालंय सगलं. दोन-तीन महिने जाले. मना वाटलं, इंजिनाची गरमी. पावडर मारतोय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकाच पलंगावर झोपणारी दोन माणसं. एक मेडिकलमधून चोरून ट्यूब आणतंय, दुसरं चोरून पावडर मारतंय. पहिल्यांदा तेच हसले. मग मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. हात पुढे करून विचारल्यासारखं थांबले. मीच त्यांच्या छातीवर डोकं टेकलं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले. नाक्यापासून थोड्या अंतरावर एका जुन्या इमारतीत रेहाना मॅडमचा दवाखाना. भिवंडीच्याच, केस पिकलेल्या, बोलण्यात मराठी आणि हिंदी एका वाक्यात. बाहेर बाकांवर सगळ्या बायका. कुणी बुरख्यात, कुणी साडीत, कुणी पोटुशी. नवरे सगळे खाली रस्त्यावर, मोटारसायकलींना टेकून. हे एकटेच बाकावर, गुडघे जुळवून बसलेले. माझं नाव पुकारल्यावर माझ्याबरोबर उठले, तर दारावरची बाई म्हणाली, "भाईसाब, आप बाहर बैठो. लेडीज का है." हे म्हणाले, "बिमारी दोनों की है बहन. एक को बाहर कैसे बिठायेगी?" बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "जाने दे उसको."

मॅडमनी मला पडद्यामागे तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. यांना दुसऱ्या खोलीत त्यांच्या डॉक्टर नवऱ्यानं पाहिलं. मग दोघांची रक्ताची तपासणी. मी घरची ट्यूब पिशवीतून आणली होती. ती बघून त्या संतापल्या. "ये किसने दी? यात असं औषध आहे की वरून शांत आणि आतून वाढतं. फेक दे. आणि ते जंतूवालं पाणी बंद. साधं पाणी, बस. आत काही घालून धुवायचं नाही. अल्लाने अंदर का इंतजाम खुद किया है."

मी धीर करून विचारलं, "हे बाहेरून येतं का? म्हणजे... कुणाकडून?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. त्यांनी हा प्रश्न हजारदा ऐकलेला असणार. म्हणाल्या, "भाकरी झाकून ठेवली की बुरशी येते ना? ती काय शेजारणीने आणून टाकते? तशीच ही बुरशी. थोडी सगळ्यांच्या अंगात असते. गोळ्यांनी, ओलीनं, साखरेनं तोल बिघडला की वाढते. नवऱ्याला नेहमी औषध लागतंच असं नाही. पण याला त्रास आहे, तर याचंही बघू. किसी ने किसी को धोखा नहीं दिया. समझी?"

मी मान हलवली. हे मात्र तोंड भरून हसत म्हणाले, "मॅडम, हे कागदावर लिवून द्याल का? आमच्या खालच्या मजल्यावर लावायचंय."

रक्ताचा रिपोर्ट आला. माझी साखर ठीक होती. यांची इतकी वाढलेली की मॅडमनी दोनदा वाचलं. त्यांना मधुमेह होता आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या खाजेनं तो बाहेर काढला. मला गोळ्या होत्या, आधी थोडे दिवस सलग आणि मग आठवड्याला एक, चांगली सहा महिने, बरं वाटलं तरी सोडायची नाही. आणि पूर्ण भरून येईपर्यंत संबंध नको. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी खाली बघितलं. यांनी विचारलं, "बाजूला झोपलं तर चालंल ना?" मॅडमनी चष्मा काढला. "चालेल," म्हणाल्या. "झोपायलाच पाहिजे."

ते सहा महिने. लोक लग्नातले पहिले दिवस आठवतात, मला ते महिने आठवतात. मंगळवारी दुपारी आम्ही नुसते पडून राहायचो, हातात हात. ते गाडीतल्या गोष्टी सांगायचे. गणेशपुरीच्या आश्रमाला आलेली गोरी बाई कंडक्टरच्या पाया पडली, कुणाची कोंबडी पिशवीतून सुटून यांच्या सीटखाली आली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत तिथंच बसली. त्यांच्या बोलण्यात कधी कुठे पोचायची घाई नव्हती. मी म्हणायचे, "तुम्हाला कंटाळा येत असेल माझा." ते म्हणायचे, "घाटात कोन घाई करतो? घाई करनारा खाली जातो."

साखरेचं पथ्य मात्र त्यांना जमत नव्हतं. एकदा मी शाळेतून रिक्षानं येत होते, तर नाक्यावर जिलबीच्या गाडीशी हे उभे, कागद हातात. मी रिक्षा थांबवून खाली उतरले. मला बघून त्यांनी कागद मागे लपवला आणि तोंडात जिलबी असतानाच म्हणाले, "ही माजी न्हाय. कंडक्टरची हाय." कंडक्टर जवळपाससुद्धा नव्हता.

मॅडमनी सांगितलं होतं, आतले कपडे सुती वापरायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. आमच्याकडे बायकांचे आतले कपडे कधी ऊन बघत नाहीत. परकराच्या खाली, टॉवेलच्या आड, न्हाणीत दांडीवर, कोंदट ओले. मीही तसंच करत होते. एका दुपारी शाळेतून आले तर गॅलरीत रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर माझे सगळे कपडे ओळीनं, चिमटे लावून, उन्हात. हेच वाळत घालत होते. सासूबाई आत कपाळाला हात लावून बसलेल्या. "बापय मानूस बाईचे असले कपडे रस्त्यावर टांगतो! लोक काय बोलतील?" हे शांतपणे शेवटचा चिमटा लावून म्हणाले, "आये, डॉक्टरनं ऊन सांगितलंय, सावली न्हाय. लोकांना बोल, तुमचे पन वालवा." मी लाजेनं मरायची बाकी होते. महिन्याभरानं बघितलं तर खालच्या मजल्यावरच्या त्याच बाईची दोरी पुढच्या बाजूला आली होती.

मधे एकदा दुखणं पुन्हा उलटलं. गोळ्या चालू असताना, सगळं नीट पाळत असताना. सकाळी न्हाणीत लक्षात आलं आणि मी तिथंच खाली बसले. बाहेर आले तर हे चहा गाळत होते. मी म्हणाले, "माझं शरीरच घाण आहे. याला काही होणार नाही. तुम्ही दुसरं लग्न करा." असलं काहीतरी भयंकर बोलले. त्यांनी गाळणी खाली ठेवली. म्हणाले, "अंजूरफाट्याचा रस्ता किती वेला केला सरकारनं?"

"मला नाही माहीत."

"मना पन न्हाय माहीत, येवड्या वेला केला. परत खड्डा पडतो. मग काय रस्ता घान असतो? परत करायचा. मी त्याच रस्त्यानं गावाला जातो का न्हाय?" आणि मग हळू आवाजात, "तुज्या अंगाला घान बोलू नको. ते माजं पन हाय."

मॅडमनी पुन्हा तपासलं, औषध बदललं. पावसाळा संपून थंडी आली आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मला माझ्या त्या अंगाची आठवणच झाली नाही. बरं होणं म्हणजे तेच. मी त्यांना काही सांगितलं नाही. एका मंगळवारी शाळेतून आले, हातपाय धुतले, बांगड्या काढून ठेवल्या. एवढंच. त्यांना कळलं. तरी विचारलं, "दुखलं तं सांगशील?" मी म्हणाले, "सांगेन." दुखलं नाही. नंतर ते छताकडे बघत पडले होते आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं. मी पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. वाऱ्यानं वालंल."

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. कधी थोडं डोकं वर काढायचं, पण आता आम्ही लपवत नव्हतो. मी सरळ म्हणायचे, "आज खाज आहे," आणि हे म्हणायचे, "मग आज गोष्टी." एखाद्या घरात सर्दीविषयी बोलतात तसं आम्ही बोलायचो. त्यांच्या कंडक्टरनं एकदा यांना बाजूला घेऊन आपल्या बायकोचं असंच काहीतरी सांगितलं. हे त्या दोघांना रेहाना मॅडमकडे घेऊन गेले, आणि मुख्य म्हणजे त्याला आत बसवून आले.

साखर मात्र त्यांच्या हृदयापर्यंत कधी पोचली ते आम्हाला कळलं नाही. सुट्टीचा दिवस होता. सकाळी बाजारातून बोंबील आणले, स्वतः साफ केले, हात धुतले आणि म्हणाले, "छातीत गॅस जालाय वाटतं." घाम फुटला होता. जिना स्वतःच्या पायांनी उतरले. रिक्षात माझा हात धरून बसले होते. हॉस्पिटलच्या पायरीशी मी आधार द्यायला लागले तर म्हणाले, "हाय ना मी." आत गेले ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

तन्वी तेव्हा कॉलेजात होती. भेटायला बायका आल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, मुलीकडे बघ, नोकरी आहे तुला, देवाची कृपा. सगळं खरं होतं. पण मला ज्याची आठवण यायची ते कुणाला सांगायचं? पलंगाची त्यांची बाजू दाबली जायची आणि मी किंचित त्यांच्याकडे घरंगळायची, ते घरंगळणं. पाठीवर आडवा पडलेला हात, झोपेत जड झालेला. त्यांच्या मानेचा डिझेल आणि साबणाचा वास. नवरा गेलेल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला अंग असतं, हे आमच्याकडे कुणी धरूनच चालत नाही. जणू लोकांनी तेही त्यांच्याबरोबर नेलं आणि जाळून आले.

मागच्या वर्षी माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणून मी रेहाना मॅडमकडे गेले. त्यांना हे गेल्याची बातमी कळली नव्हती. त्या आता आणखी थकल्या आहेत, हात थोडा थरथरतो. तपासलं, सोनोग्राफी बघितली. हात धुता धुता नेहमीचे प्रश्न विचारत गेल्या.

"खाज?"

"नाही."

"जळजळ? पांढरं?"

"नाही."

"संबंधाच्या वेळी दुखतं?"

मी साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिले. त्यांनी नळ बंद केला आणि वळून दाराकडे बघितलं, यांना शोधल्यासारखं. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. "कधी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या टेबलाच्या अलीकडे आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन म्हणाल्या, "रिपोर्ट अच्छा है. आत सगळं छान आहे तुझं. एकदम निरोगी."

मला रडू फुटलं. त्या गोंधळल्या. "अगं, चांगलं आहे म्हणतेय मी. रोती क्यूं है?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

दवाखान्यातून उतरले. आता आम्ही अंजूरफाट्याच्या रस्त्यावर राहतो, तन्वी आणि मी. नाक्यावरून शेअर रिक्षा धरली. मागच्या सीटवर तिघी. मधे बसली ती तिशीतली बाई, केसांत सुताचे पांढरे तंतू, मांडीवर डबा. कुठल्यातरी कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेली असावी. रिक्षा चालू झाली न झाली तोच तिला झोप लागली. एका खड्ड्यात रिक्षा आदळली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड होतं, गरम होतं. तिचा श्वास माझ्या हातावर लागत होता. तिचा दंड, तिची मांडी माझ्या अंगाला टेकून, पूर्ण विश्वासानं, सगळा भार टाकून. मी हललेसुद्धा नाही.

माझी गल्ली आली. रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि मागे न बघता विचारलं, "यहाँ उतरनेवाला कौन है?"

मी म्हणाले, "कोई नहीं. आगे चलो."